गुडघ्याखाली उशी घेऊ नकोस

४ मार्च, सोमवार

प्रिय ताई,

वाकून नमस्कार करण्याच्या स्थितीत मी सध्या नाही. तेव्हा पडल्या पडल्या केलेला हा नमस्कार वाकून केला आहे असे समजून स्वीकारावास.

उजवा गुडघा बदलून मी परवा घरी आलो. टेलिफोनवर तुला ऐकू येत नाही आणि तुझी सून माझे निरोप स्वतःच्या भाषेत आटोपशीर करून सांगते, म्हणून लिहितो आहे. आपले ठरले होते ते असे: दोघांचेही गुडघे कामातून गेलेले, शस्त्रक्रिया आधी मी करून घ्यायची, तुला खरे खरे कळवायचे, आणि मग तू तुझे ठरवायचे. तुझ्या शब्दांत, "पंडिता, आधी तुझ्यावर करून बघू दे त्यांना, मग मी बघते." सारा जन्म छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेला, आता तुझ्यासाठी मीच कच्चे मुद्रित झालो आहे.

तर अहवाल. दुखणे फारसे नाही. रुग्णालयात परिचारिका वरचेवर येऊन विचारी, "आजोबा, दुखणं शून्य ते दहामध्ये किती?" प्रश्न मला आवडला, त्यात मोघमपणा नव्हता. मी विचार करून सांगितले, "तीन." दहा म्हणजे जिच्यापुढे काही उरत नाही अशी वेदना. ती आपल्याला झाली असे म्हणावयाचे, तर माणसाने जगातील इतर सर्व वेदना आधी भोगलेल्या असल्या पाहिजेत. नऊ आणि आठ हे आकडेही मी तशाच विचाराने इतरांसाठी मोकळे ठेवले. शेजारच्या खाटेवर एक ट्रकचालक होता. त्याने पहिल्याच फेरीला "अकरा!" म्हणून आरोळी ठोकली. दहापैकी अकरा! त्याला तत्काळ इंजेक्शन मिळाले आणि तो घोरू लागला. मी जागा राहिलो; परंतु उत्तर माझेच बरोबर होते.

घरी येताना दिलेल्या गोळ्या मी जवळजवळ घेतच नाही. एक घेऊन वर्तमानपत्र वाचावयास बसलो, तर पहिल्या पानावर छपाईची एकही चूक सापडेना. असे आजवर झालेले नाही. गोळीचा अंमल उतरल्यावर तेच पान पुन्हा वाचले आणि तीन ओळींतच पहिली चूक हाती लागली. तेव्हाच समजलो, की गुडघा बधिर करणारी वस्तू तेथेच थांबत नाही. ती वर चढते. मी गुडघ्यासाठी डोके द्यावयास तयार नाही.

शिवाय मी एक नामी युक्ती शोधली आहे. गुडघ्याखाली जाड उशी घेतली, की पाय किंचित वाकलेला राहतो आणि ठणका निम्म्याने उतरतो. दिवसभर मी तसाच पडून असतो. हे मला कोणी शिकविलेले नाही.

तात्पर्य, भिण्यासारखे काही नाही. तारीख घेऊन टाक.

तुझा,
पंडित


१२ मार्च, मंगळवार

प्रिय ताई,

तुझे पत्र मिळाले. संपूर्ण पत्रात पूर्णविराम एकच, तोही शाईचा डाग असण्याचा संभव आहे. असो. तू विचारतेस, "झोप लागते का रे, खरं सांग." लागते.

व्यायाम करून घेण्यासाठी एक तरुण बाई दिवसाआड येतात. तुझी वहिनी त्यांना 'फिजिओ' म्हणते, मी मनात 'जमादारीण' म्हणतो. आवाज एवढा, की तुलासुद्धा ऐकू यावा. काल म्हणाल्या, "आजोबा, टाच मागे ओढा. अजून. अजून थोडी. चेहरा नका वाकवू, गुडघा वाकवा!"

मी म्हणालो, "मी ओढलेलीच आहे."

"कुठं? चादर ओढलीत तुम्ही. टाच आहे तिथंच आहे."

तुझी वहिनी तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. ती हसत होती असा माझा कयास आहे.

बाई येत नाहीत त्या दिवशी मी व्यायाम दार लावून करतो. त्यास एकाग्रता लागते. आकडे मोठ्याने म्हणतो. तुझी वहिनी बाहेर बसून ते ऐकते आणि निश्चिंत होते.

तू जिना उतरून शेवटची रस्त्यावर कधी आलीस ते तुलाच आठवत नाही, असे लिहितेस. भाजीवाल्याला वरून टोपली सोडतेस आणि तो सडकी भाजी तळाशी दडवतो, हे कळूनही खाली जाऊन त्याला दोन शब्द सुनावता येत नाहीत, याचेच तुला अधिक दुःख दिसते. हे सर्व संपेल. माझ्याकडे पाहा.

तुझा,
पंडित


२० मार्च, बुधवार

प्रिय ताई,

काल शल्यविशारदांकडे जाऊन आलो. त्यांनी माझ्या गुडघ्यास इतर रुग्णांपेक्षा बराच अधिक वेळ दिला. पुढील भेटही लवकरची ठेवली आहे. त्यावरून त्यांना या गुडघ्यात विशेष रस वाटत असावा. परतीच्या वाटेवर तुझी वहिनी काही बोलली नाही. रहदारीचा आवाज फार होता.

बाकी सर्व क्षेम. तुझी तारीख कळव.

तुझा,
पंडित


२७ मार्च, बुधवार

ताई,

हे पत्र हातात पडताच सुनेला डॉक्टरांकडे पाठव आणि तू त्यांना जे सांगितलेस ते मागे घे. मग पुढचे वाच.

तुझे पत्र आज आले. शस्त्रक्रियेची तारीख ठरली हे वाचून आनंद झाला, तो पुढच्या दोन ओळींत मावळला. "डॉक्टरांना मी सांगून टाकलं की मला त्या दुखण्याच्या गोळ्या नकोत माझ्या भावाने घेतल्या नाहीत आमच्या घरात सोसायची सवय आहे आणि सुनेकडून गुडघ्याखाली घ्यायला कापसाची चांगली लोडासारखी उशी शिवून घेतली आहे तुझ्यापेक्षा जाड."

ताई, ती उशी उसवून टाक.

आता खरे लिहितो. शल्यविशारदांनी माझा गुडघा हातात घेतला, वाकविला, आणि ते मध्येच थांबले. म्हणाले, "आजोबा, हा इथंच अडतोय. आणि पूर्ण सरळही होत नाही. गुडघ्याखाली काही घेता का?"

मी 'क्वचित' म्हणणार, इतक्यात तुझी वहिनी बोलली, "दिवसभर उशी असते. ही एवढी." तिने हातांनी दाखविलेली उशी प्रत्यक्षाहून मोठी होती, परंतु मी आक्षेप घेतला नाही.

"आणि गोळ्या?"

"पाकीट तसंच आहे. मी बरोबर आणलंय." तिने ते पिशवीतून काढून टेबलावर ठेवले.

"मग व्यायाम कसा जमतो?"

"जमतोय कुठला! दार लावून कॉटवर बसतात आणि नुसते आकडे म्हणतात. परवा मी फटीतून बघितलं. पाय जागचा हलत नाही, आणि तोंडानं आपलं चाललंय, अकरा, बारा, तेरा..."

शल्यविशारद हसले असते तर मला बरे वाटले असते. त्यांनी माझे कागद उलटसुलट केले. "तुम्ही 'तीन' सांगत होतात म्हणून आम्ही औषध बेतानंच ठेवलं. आजोबा, तो आकडा आम्ही जगाशी तुलना करायला विचारत नाही. तुम्हाला पाय हलवता येईल इतकं औषध पोचलंय का, एवढंच बघायचं असतं." मग त्यांनी समजावले: दुखते म्हणून माणूस तो वाकवीत नाही, वाकविला नाही की तो आतून आखडत जातो, आखडला की अधिक दुखतो. पुढील भेटीपर्यंत गुडघा काटकोनात आला नाही, तर पुन्हा भूल देऊन तो जोराने वाकवावा लागेल. त्या रहदारीच्या आवाजात तुझी वहिनी का बोलत नव्हती, ते आता तुला कळले असेल.

झोप मला लागत नव्हती. दुखणे तीन नव्हते. छापखान्यात अक्षरे ओतण्यासाठी शिसे वितळवीत, ते तू पाहिलेले आहेस. कोणी ते शिसे सांध्यात ओतून थंड होण्याची वाट पाहत बसला आहे, असे ते दुखणे होते. एकदा न्हाणीघरात नळ सोडून मी रडलो. नळ अशासाठी, की बाहेर ऐकू जाऊ नये. तुझी वहिनी म्हणाली, "पाणी किती वाया घालवता!" तिला सर्व कळले होते.

आता मी गोळ्या वेळच्या वेळी घेतो. ठणका चढण्याची वाट पाहत नाही. चढल्यावर घेतलेली गोळी त्याच्या मागे धावत राहते. व्यायामाच्या अर्धा तास आधी एक घेतो, आणि जमादारीणबाई येईपर्यंत ती कामाला लागलेली असते. व्यायामानंतर फडक्यात गुंडाळलेला बर्फ. पाय उंचावर ठेवावयाचा, पण उशी टाचेखाली. गुडघा अधांतरी राहून आपोआप सरळ होतो. ते सुखाचे नसते. या गोळ्यांनी कोठा जड होतो, त्यासाठी वेगळे औषध आधीच मागून घे. लाजू नकोस, मी लाजलो आणि ते मला चांगलेच महागात पडले. जालीम गोळ्या थोडेच दिवस देतात आणि डॉक्टर स्वतःच त्या कमी करीत आणतात. सवय लागेल की काय, ही धास्ती मलाही होती. मी ती विचारली नाही, मनातच वाढविली. तू विचार.

वर्तमानपत्रातील चुका सध्या मला कमी दिसतात. दिसोत. छापणारे तेच आहेत, त्यांचा पुरवठा आटणार नाही.

तुझा,
पंडित


६ एप्रिल, शनिवार

प्रिय ताई,

तू तारीख रद्द केलीस.

"पंडित रडला म्हणजे माझं काय होईल मी आपली खिडकीतच बरी," हे तुझे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचतो आहे. खोटे लिहिले तेव्हा तू तयार झालीस. खरे लिहिले तर पाठ फिरविलीस. क्षणभर वाटले, की उशीपुरते तेवढे कळवून बाकीचे झाकून ठेवावयास हवे होते. तुझ्या वहिनीला तसे म्हणालोही.

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्ही त्यांना घाबरवलंत, आता घाबरलेल्या माणसाबरोबर बसा. अर्धं पत्र लिहून उठू नका."

म्हणून बसलो आहे. तू भ्यालीस यात चुकीचे काही नाही. मी भ्यालो नाही असे दाखवीत बसलो, आणि त्यापायी माझा गुडघा जवळजवळ गमावला. परंतु मागील पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही, कारण तेव्हा ती घडलेली नव्हती. दुखणे बदलते. ते शिसे आता नाही. आता ओढ बसते, सकाळी उठताना गुडघा लाकडी वाटतो, सायंकाळी सुजतो आणि गरम लागतो. हे मी सोसतो आहे असे नव्हे. यातून मी काम करू शकतो. या दोहोंतील भेद मला पंच्याहत्तरी उलटल्यावर कळला.

काल जमादारीणबाईंनी कोनमापक लावला आणि तुझ्या वहिनीला हाक मारली. दोघी माझ्या गुडघ्याकडे पाहत उभ्या राहिल्या. काटकोनाला अजून थोडी कसर आहे. शल्यविशारदांची भेट पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत तो येईल की नाही, हे मी तुला खात्रीने सांगत नाही. सांगण्याची फार इच्छा आहे. तरी सांगत नाही.

तू निर्णय लगेच बदलू नकोस. फक्त डॉक्टरांना कायमचा नकार कळवू नकोस.

तुझा,
पंडित


२१ एप्रिल, रविवार

प्रिय ताई,

काटकोन झाला. भूल द्यावी लागणार नाही. शल्यविशारदांनी पायाऐवजी माझा हात दाबला आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

पण ती बातमी नव्हे. बातमी अशी, की आज मी केस कापून आलो.

इतके दिवस न्हावी घरी येत असे. मी पलंगावर पाय लांब करून बसे आणि तो माझ्याभोवती वाकडातिकडा होऊन कात्री चालवी. परिणाम तू पाहिला असतास तर ओळख दाखविली नसतीस. आज मी काठी घेऊन एकटा जिना उतरलो. उतरताना नवा गुडघा आधी खाली, चढताना चांगला पाय आधी वर. हे तू आतापासून घोकून ठेव. कोपऱ्यापर्यंत गेलो. दुकानात दोघे जण माझ्या आधी आलेले होते, तर मी रांगेतसुद्धा बसलो.

मग ती उंच खुर्ची. न्हावी म्हणाला, "बसा साहेब. पाय खाली, त्या दांडीवर ठेवा." मी डावा ठेवला. उजवा हवेतच होता. तो थांबला. "राहू दे, स्टूल देऊ का लांब करायला?"

"नको," मी म्हणालो, "थोडा वेळ दे." पाय हळूहळू सोडला. गुडघा कुरकुरला, ओढ मांडीपर्यंत आली, मी मोठ्याने "आई गं" म्हणालो, रांगेतल्या दोघांनी वर्तमानपत्रे खाली केली, आणि पाऊल दांडीवर टेकले. केस कापून होईपर्यंत ते तेथेच होते. ताई, आरशात मला एक म्हातारा दिसत होता, खुर्चीत चारचौघांसारखा बसलेला. मी त्याच्याकडे इतका पाहत राहिलो, की न्हावी म्हणाला, "कल्ले आवडले नाहीत का?"

घरी येऊन बर्फ लावला, गोळी घेतली, आणि दुपारभर झोपलो. गुडघा सुजला आहे. उद्या तो मला याचा जाब विचारील. तरीही मी पुन्हा जाणार. दाढीचे निमित्त आहेच.

तुला 'भिऊ नकोस' असे लिहिण्याचा अधिकार मला उरलेला नाही. पण तुझ्या खिडकीखालचा तो रस्ता मला ठाऊक आहे. माझ्या न्हाव्याच्या दुकानापेक्षा तुझा भाजीवाला जवळ आहे.

तुझा,
पंडित


५ मे, रविवार

प्रिय ताई,

"ठरवलं आहे चौदा तारखेच्या मंगळवारी करतात पण तू यायचंस माझ्यासमोर उभं राहायचंस कानातलं यंत्र काढून घेतात मग मला काही कळत नाही सगळे तोंडं हलवतात तुझं तोंड हललेलं मला कळतं."

येतो. तिकिटे काढली आहेत. कडेची जागा घेतली आहे, म्हणजे अधूनमधून उठून फिरता येईल. तुझी वहिनी बरोबर येते आहे, ती म्हणते, "मी तुमच्यासाठी नाही, ताईंसाठी येतेय. तुमचं कौतुक तिथं कोणाला करायचं नाहीये." बर्फाच्या पिशव्या, माझी काठी आणि तिचे विणकाम, एवढे सामान.

गोळ्या घेईन असे तू डॉक्टरांना सांगितलेस, हे तुझ्या सुनेने वेगळ्या चिठ्ठीत कळविले. तिची भाषा आटोपशीर आहे हे मी एकदा तक्रारीच्या सुरात लिहिले होते. ती मला आता फार आवडू लागली आहे.

तुझा,
पंडित


१४ मे, मंगळवार, रुग्णालयात

ताई,

ही चिठ्ठी परिचारिका तुझ्या हातात देतील. माझ्याजवळ दुसरा कागद नाही, म्हणून औषधाच्या माहितीपत्रकाच्या पाठीवर लिहितो आहे. अक्षर लागले नाही तर त्यांना दाखव.

शस्त्रक्रिया नीट झाली. डॉक्टर मला स्वतः येऊन सांगून गेले. मी काचेच्या दाराबाहेर, डाव्या हाताच्या बाकावर आहे. तुझी सून आणि वहिनी चहाला गेल्या आहेत आणि बहुधा माझ्याबद्दल बोलत आहेत.

आता पाय बधिर आहे, म्हणून तुला वाटेल की काही दुखतच नाही. हा बधिरपणा उतरेल. उतरण्याआधीच गोळी देतील, ती घे. नंतर दुखेल. दुखले की परिचारिकेला सांग, आणि पुन्हा दुखले की पुन्हा सांग. त्या कंटाळत नाहीत, मी विचारून घेतले आहे. पाणी पी. पावले वर-खाली हलवीत राहा.

सायंकाळी तुला पहिल्यांदा उभे करणार आहेत. मला दोन मिनिटे आत येऊ देतील. तुझ्यासमोर, तुला दिसेन असा, त्या आधाराच्या चौकटीच्या पलीकडे मी उभा राहीन. तू माझ्याकडे पाहून पाऊल टाक आणि मला वाटेल त्या शिव्या दे. अगदी मोठ्याने दे. तुला ऐकू येणार नाहीत, मला येतील.